शिमगा, रमजान आणि परधर्माचा आदर

परधर्माचा आदर करावा, हें वचन आपल्या समाजांत इतकें सर्वमान्य झालें आहे कीं, त्याचा नेमका अर्थ काय असें कोणी विचारूं लागल्यास विचारणाऱ्याच्याच हेतूविषयीं संशय यावा. शाळेंतील निबंधांत, पुढाऱ्यांच्या भाषणांत आणि सणावारीं निघणाऱ्या शुभेच्छापत्रांत तें सारख्याच सहजतेनें येतें. परंतु जें नाणें फार हातांतून फिरतें त्याचा ठसा झिजतो, तशी या वचनाची स्थिति झाली आहे. आदर कशाचा करावयाचा, मताचा कीं मत बाळगणाऱ्या माणसाचा? जें मत आपणांस खरें वाटत नाहीं त्याचा आदर प्रामाणिकपणें करतां येतो काय? आणि आदर करावयाचा म्हणजे नुसतें गप्प बसावयाचें, कीं आपल्या पदरचें कांहीं सोडावयाचें? हे प्रश्न वरवर पाहतां तर्कशास्त्राच्या वर्गांतले दिसतात. पण गेल्या कांहीं वर्षांत आमच्या कोंकणांत ते रस्त्यावर येऊन उभे राहिले, म्हणून त्यांचा थोडा विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रसंग आणला तो पंचांगानें. मुसलमानी वर्ष शुद्ध चांद्र आहे. त्याचे दिवस ३५४ किंवा ३५५. सौर वर्षाहून तें सुमारें ११ दिवसांनीं लहान, म्हणून रमजान दर वर्षीं तितका अलीकडे येतो आणि सुमारें ३३ वर्षांत सर्व ऋतूंमधून एक फेरी पुरी करतो. आपले महिनेही चंद्राचेच; पण आपल्या ज्योतिष्यांनीं सुमारें साडेबत्तीस महिन्यांनीं एक अधिक मास घालून त्यांची ऋतूंशीं सांगड घातली. याचा परिणाम असा कीं, दोन अधिक मासांच्या दरम्यान रमजान आपल्या एकाच महिन्याचा हात धरून चालतो आणि अधिक मास आला कीं एक महिना मागें सरतो. २०२३ सालीं अधिक श्रावण आला व चैत्रांत येणारा रमजान फाल्गुनांत आला. २०२४, २०२५ व २०२६ हीं तीनही वर्षें फाल्गुन आणि रमजान बरोबर चालले. २०२६ च्या अधिक ज्येष्ठानें ही जोडी फुटते व २०२७ चा रमजान माघांत पडतो. एकाच चंद्राकडे पाहून एक समाज उपवासास बसतो आणि दुसरा होळीच्या तयारीस लागतो, असा हा तीन वर्षांचा योग होता.

कोंकणांत फाल्गुन म्हणजे शिमगा. गणपति आणि शिमगा या दोन सणांस मुंबईचा चाकरमानी गांवीं येतो. ग्रामदेवता वर्षांतून एकदां देवळाबाहेर पडून पालखींतून घरोघर जाते, मानकऱ्यांचे मान ठरलेले असतात, होळीचा माड किंवा शेवर वाजतगाजत आणला जातो, ढोल रात्र रात्र थांबत नाहीं आणि एरवीं ज्या शब्दांस घरांत मज्जाव असतो ते शब्द चव्हाट्यावर मोकळे होतात. याच रात्रीं मोहल्ल्यांतील मशिदींत रमजानची तरावीहची लांब नमाज चालू असते. दिवसभर पाण्याचा थेंबही न घेतलेला माणूस तेथें उभा असतो. शिमगा स्वभावतः मोकाट आणि रमजान स्वभावतः संयमी. एक रस्त्यावरचा, दुसरा अंतर्मुख. दोहोंस एकच रस्ता आणि एकच रात्र मिळाली म्हणजे आदराच्या वचनाची परीक्षा व्हावयाचीच.

लांज्यासारख्या गांवांत ही परीक्षा परक्यांमधली नाहीं. महामार्गावरचें हें तालुक्याचें ठिकाण; येथें सय्यद चाँद बुखारी यांचा दर्गा आहे आणि त्यांच्या उरुसास हिंदु व मुसलमान दोघेही जातात. कोंकणांतील मुसलमान घरांत मराठीचीच एक बोली बोलतो. त्याचें शेत, त्याचा आंबा आणि त्याचा पावसाळा शेजाऱ्याहून निराळा नाहीं. हा संबंधही कालचा नव्हे. अरब प्रवासी अल्-मसूदी दहाव्या शतकाच्या आरंभीं चौल बंदरास आला, तेव्हां तेथें सुमारें दहा हजार मुसलमान राहत असल्याचें त्यानें लिहून ठेविलें. त्याच सुमारास, शके ८४८ म्हणजे इसवी सन ९२६ मध्यें, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या अमलाखालीं संजाण प्रांताचा कारभार मधुमती सुगतिप या नांवाचा एक ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी पाहत होता. मधुमती हें मुहंमद या नांवाचें संस्कृत रूप असावें असें विद्वान् मानतात. पालघर जिल्ह्यांतील चिंचणी येथें सांपडलेल्या ताम्रपटांत या अधिकाऱ्यानें एका ब्राह्मणानें उभारलेल्या देवीच्या मठिकेस गांव व जमीन दिल्याची नोंद आहे. मूर्तिपूजा त्याच्या धर्मांत निषिद्ध होती आणि ती त्यास मान्य झाली असावी असें मानण्यास कांहीं आधार नाहीं. तरीही प्रजेच्या देवीची व्यवस्था लावणें हें त्यानें आपल्या पदाचें कर्तव्य मानलें. इकडे दापोली तालुक्यांतील केळशीच्या बाबा याकूतांविषयीं शिवाजीमहाराजांना आदर होता, हें तर मराठी वाचकास सांगावयास नको. या दोघांनींही दुसऱ्याचें मत पत्करलें नाहीं आणि आपलें सोडलें नाहीं. आदराच्या स्वरूपाविषयीं पहिला धडा येथेंच मिळतो.

आपल्याकडे या प्रश्नाचें एक सोपें उत्तर प्रचारांत आहे. सर्व धर्म अखेर एकच गोष्ट सांगतात, तेव्हां वाद कशाला, असें तें उत्तर. याच्या मागचा सद्भाव मान्य करूनही म्हणावें लागतें कीं, हा आदर नव्हे. दुसऱ्यास नीट न पाहण्याची ही एक सभ्य तऱ्हा आहे. रोजा आणि एकादशी हें उदाहरण घेऊं. साम्य उघड आहे. दोन्हीकडे अन्नत्याग आहे. आजारी, प्रवासी, गर्भवती यांस रोज्यांतून सवलत आहे व चुकलेले दिवस मागाहून भरून काढतां येतात. आपल्याकडेही शक्तीप्रमाणें व्रत करण्याची मुभा आहे. खोटें बोलणारा आणि दुसऱ्याची निंदा करणारा केवळ उपाशी राहतो, त्याचा रोजा फुकट जातो, असें मुसलमान धर्मोपदेशक बजावतात. आपले संतही याहून वेगळें बोलत नाहींत. इतकेंच काय, मानवी स्वभावाची खोडही दोन्हीकडे सारखी. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपण आपल्याच घरच्या फराळाकडे पाहून केली, आणि रमजानच्या रात्रींच्या खाद्यपदार्थांच्या गर्दीकडे पाहून कांहीं मौलवीही तीच तक्रार करतात.

पण भेदही तितकाच खरा आहे. आपला उपवास बहुधा ज्याच्या त्याच्या नेमाचा असतो. एका घरांत सासू सोमवार करते, सून संकष्टी करते आणि मुलगा कांहींच करीत नाहीं, तरी घर मोडत नाहीं. रमजानचा रोजा प्रत्येक प्रौढ व सशक्त मुसलमानावर एकाच वेळीं बंधनकारक आहे. सारा समाज एका क्षणीं तोंड मिटतो आणि एका क्षणीं खजूर तोंडांत घालतो. धनवानाला वर्षांतून एक महिना भुकेची ओळख पटते, आणि याच महिन्यांत अनेकजण आपल्या संचयाचा चाळिसावा भाग जकात म्हणून गरिबांस देतात. ईदच्या नमाजेपूर्वीं फित्रा द्यावयाचा तो निराळाच. आपल्या उपवासाचा रोख देवाच्या सान्निध्याकडे अधिक, रोज्याचा आज्ञापालन व समानता यांकडे अधिक. दोन्ही एकच, असें म्हणून हा भेद पुसून टाकला म्हणजे रोजा ठेवणाऱ्यानें ज्यासाठीं दिवसभर तहान सोसली तेंच आपण नाकारतों. जो आपल्याहून निराळा नाहींच, त्याचा आदर करण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं.

मग आदर कशाचा? आम्हांस असें वाटतें कीं, आदराचा विषय सिद्धान्त नसून माणूस आहे, आणि माणूसही आपल्या श्रद्धेसाठीं किंमत मोजणारा. सिद्धान्त खरा किंवा खोटा असतो. त्याविषयीं संमति द्यावी, संशय धरावा किंवा खंडन करावें. पण मार्च महिन्याच्या दमट उकाड्यांत लांज्याच्या बाजारांत दिवसभर हमाली करणारा मनुष्य घसा कोरडा ठेवून पाठीवर पोतें घेतो, त्याच्यावर पहारा ठेवण्यास कोणी उभें नसतां आडबाजूस जाऊन घोटभर पाणी पीत नाहीं, तेव्हां त्याच्या ठिकाणीं जें दिसतें तें पाहण्यास कुराणावर विश्वास असावा लागत नाहीं. तहान सर्वांस कळते. स्वतःवरचें स्वामित्व कोठेंही दिसलें तरी तें वंदनीय आहे, हें ज्यास पटतें त्यास परधर्मीयाचा आदर करण्यासाठीं आपल्या बुद्धीशीं लबाडी करावी लागत नाहीं.

युरोपांत या विषयाचा विचार निराळ्या वाटेनें झाला. धर्मयुद्धांनीं होरपळलेल्या त्या खंडास प्रथम हवी होती ती सहिष्णुता. लॉकनें १६८९ सालीं सहिष्णुतेवरील आपलें पत्र प्रसिद्ध केलें. पण निरीश्वरवाद्यांस आणि परक्या सत्तेशीं निष्ठा बांधलेल्या पंथांस त्यानें त्यांतून वगळलें. मिल्लनें १८५९ च्या स्वातंत्र्यावरील ग्रंथांत चर्चा बरीच पुढें नेली, आणि मराठी वाचकास मौज वाटेल अशी गोष्ट म्हणजे तेथें त्यानें मुसलमानांच्या वराहमांसाच्या तिटकाऱ्याबरोबर मुंबईच्या पारशांचेंही उदाहरण घेतलें आहे. हिंदु राजांनीं गोमांस न खाण्याच्या अटीवर पारशांस आश्रय दिला, पुढें मुसलमानी अमलांत वराहमांसही सुटलें, आणि जें आरंभीं हुकुमाखातर केलें तें कालांतरानें स्वभाव बनलें, असें तो सांगतो. या उदाहरणांतून एक अवघड प्रश्न निघतो. आश्रिताने अट म्हणून पाळलेला संयम हा आदर म्हणावा काय? शांतता त्यानें खचित नांदली. परंतु ज्यास नाहीं म्हणण्याची सोय नाहीं त्याच्या होकारास किंमत किती? सहिष्णुता सत्तेच्या भीतीनेंही नांदूं शकते. आदर मात्र मोकळ्या माणसाकडूनच येऊं शकतो.

आपल्या देशांत अशोकानें आपल्या बाराव्या शिलालेखांत यापेक्षां खोल जाऊन एक गोष्ट सांगितली आहे. जो आपल्या पंथाच्या प्रेमानें दुसऱ्या पंथाची निंदा करतो तो आपल्याच पंथाची हानि करतो, असा त्या लेखाचा आशय आहे. तो केवळ शेजारधर्म शिकवीत नाहीं. दुसऱ्याचा अपमान केल्यानें माझ्या श्रद्धेचाच कस कमी होतो, असें बजावतो. हें सूत्र हातीं घेऊन अलीकडच्या कांहीं प्रसंगांकडे पाहूं.

२०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षीं आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशीं आल्या. २०२३ सालीं, २९ जून रोजीं, महाराष्ट्रांतील अनेक गांवांतील मुसलमानांनीं एकादशीच्या दिवशीं कुर्बानी करावयाची नाहीं असें ठरविलें. शास्त्रानें कुर्बानीस एकाहून अधिक दिवस दिलेले असल्यामुळें त्यांचें कर्तव्य चुकलें नाहीं, आणि वारकऱ्यांचा दिवसही मोडला नाहीं. त्याच वर्षीं २८ सप्टेंबर रोजीं अनंतचतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आल्या, तेव्हां मुंबईंतील मुसलमान समाजानें आपली मिरवणूक दुसऱ्या दिवसावर नेली. दोन्ही निर्णय स्तुत्य होते आणि त्यांची स्तुति झालीही.

आतां दुसरा प्रसंग. लांज्याच्या शेजारीं राजापूर. तेथें शिमग्यांत होळीचा माड मिरवीत नेतांना तो जामा मशिदीच्या पायरीपाशीं टेकविण्याची जुनी चाल आहे. एका धर्माच्या सणानें दुसऱ्याच्या उंबऱ्यापाशीं थांबून ओळख द्यावी, अशी ही रूढि. तिचा अर्थ चांगलाच आहे. १२ मार्च २०२५ रोजीं रमजान चालू असतां ही मिरवणूक मशिदीपाशीं आली, मशिदीच्या बंद दरवाजापाशीं रेटारेटी झाली, घोषणा झाल्या, आणि त्याचीं चित्रें कांहीं तासांत देशभर फिरलीं. हा मशिदीवरील हल्ला होता असें एका बाजूनें म्हटलें. ही नेहमींचीच रूढि असून तिचा विपर्यास केला गेला, असें दुसऱ्या बाजूनें म्हटलें. पोलिसांनीं गुन्हे नोंदविले. न्यायनिवाडा हा आमचा विषय नव्हे. नीतीच्या दृष्टीनें मात्र एक गोष्ट या वादांतही स्पष्ट दिसते: तोच माड, तीच पायरी आणि तीच वाट असली, तरी माड वाहणाऱ्याच्या मनांत काय आहे यावर तो नमस्कार ठरतो किंवा आघात ठरतो. रूढि ही दोन पक्षांमधली भाषा आहे. ऐकणाऱ्यास ती धमकी वाटूं लागली, तर आमच्या आजोबांपासून आम्ही असेंच बोलत आलों, एवढें सांगून बोलणाऱ्याची सुटका होत नाहीं. आजोबांचे शब्द आपण घेतले. आजोबांचा स्वर घेतला कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे.

या दोन प्रसंगांवरून आदराच्या व्यवहाराचे कांहीं नियम काढतां येतील. पहिला असा कीं, सवलत देणाऱ्यानें द्यावी. घेणाऱ्यानें मागूं नये, आणि वसूल तर मुळींच करूं नये. २०२३ मध्यें मुसलमानांनीं जें आपण होऊन सोडलें तें उद्यां कोणी हक्क म्हणून मागूं लागला, तर त्या दानाचें खंडणींत रूपांतर होईल. दुसरा नियम असा कीं, सवलत घेणाऱ्यावर ऋण राहतें. एकच पक्ष दर वेळीं मिरवणूक पुढें ढकलीत असेल आणि दुसरा दर वेळीं टाळ्या वाजवीत असेल, तर त्या टाळ्यांत कांहींतरी अशोभनीय आहे. अनंतचतुर्दशीचें ऋण फेडण्यास तीन वर्षांच्या शिमग्यानें उत्तम संधि दिली होती. नमाजेच्या वेळीं मशिदीसमोर ढोल घटकाभर थांबविला असता तर शिमग्याचें काय उणें झालें असतें? कोंकणांत अनेक गांवांनीं हें कोणास न सांगतां केलें असेल. वर्तमानपत्रांत जातें तें जेथें बिघडतें तेवढेंच.

तिसरा नियम अधिक वादग्रस्त आहे. आरंभ बलवानानें करावा. 'आमच्याच देशांत आम्हीच कां थांबावें?' असा प्रश्न हल्लीं सुशिक्षित घरांतही ऐकूं येतो, आणि त्यास नुसतें संकुचित म्हणून झिडकारल्यानें उत्तर होत नाहीं. उत्तर असें कीं, संख्येनें थोडा असलेला मनुष्य थांबला तर तो आदरानें थांबला कीं भीतीनें, हें त्याचें त्यासही नीट सांगतां येत नाहीं. संख्येनें मोठा असलेला थांबला तर शंकेस जागाच नाहीं. त्याचें थांबणें हें शुद्ध औदार्य असतें. औदार्य करण्याचा हा अधिकार बहुसंख्याकांस अनायासें मिळालेला आहे आणि तो ओझें न वाटतां भूषण वाटावयास हवा. हें बळ स्थळपरत्वें बदलतें, हेंही विसरूं नये. कोंकणांत अशीं गांवें आहेत जेथें मुसलमानांची वस्ती मोठी व हिंदूंचीं घरें मोजकीं. तेथें पालखीस वाट मोकळी करून देण्याचें आणि रमजानच्या दिवसांतही शेजाऱ्याची चूल बिनदिक्कत पेटूं देण्याचें कर्तव्य मुसलमानांकडे जातें. रोजा ठेवणाऱ्याचा रोजा त्याचा आहे. न ठेवणाऱ्याच्या ताटावर त्याची सत्ता नाहीं.

कोणी म्हणेल, एवढा खल कशास? कायदा आहे. खरें आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्रीं दहा ते सकाळीं सहा ध्वनिक्षेपकास मनाई करतात, आणि ते मिरवणुकीस व मशिदीस सारखेच लागू आहेत. दोहोंनीं ते पाळले तर निम्मी कटुता कमी होईल. पण कायदा मर्यादा आंखतो, त्या मर्यादेच्या आंत कसें वागावें हें तो सांगत नाहीं. कायद्यानें मला दिलेला सारा हक्क मी शेवटच्या तसूपर्यंत बजावीन, असें म्हणणारा मनुष्य निर्दोष असेल, पण त्याच्या शेजारीं राहण्यास कोणी उत्सुक नसेल.

येथें एक गंभीर आक्षेप विचारांत घेतला पाहिजे. आदराच्या नांवाखालीं टीका बंद झाली तर सुधारणेचें काय? आगरकरांची जिवंतपणीं प्रेतयात्रा काढणाऱ्यांसही आपण धर्माचा आदर राखीत आहों असेंच वाटत होतें. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनीं १९६६ सालीं तोंडी तलाकाविरुद्ध मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईंत नेला आणि १९७० सालीं पुण्यांत मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिलें. स्वकीयांचा रोष त्यांनींही सोसला. या दोघांस आपण अनादर करणारे म्हणणार काय? आदराचा विषय माणूस आहे, हें आमचें म्हणणें मान्य केल्यास हा आक्षेप आपोआप सुटतो. ज्या श्रद्धेच्या नांवानें माणसाचाच, मग ती विधवा असो वा तलाक दिलेली स्त्री असो, अवमान होतो, तेथें श्रद्धेवर टीका करणें हाच आदर होय. अट एवढीच कीं, जी फूटपट्टी शेजाऱ्यास लावली ती प्रथम घरीं लावलेली असावी. आगरकरांनीं व दलवाईंनीं घरापासून आरंभ केला, म्हणून त्यांच्या कठोर शब्दांसही वजन आहे. स्वतःच्या अंगणाकडे पाठ फिरवून परक्याच्या अंगणांतील केर मोजणाऱ्याची टीका खरी असली तरी ती सुधारणेच्या कामाची नसते.

आतां राहिला प्रश्न तुम्हां-आम्हां सुशिक्षितांचा. आपण मिरवणुकींत नसतों आणि मशिदीसमोरही नसतों. म्हणून या साऱ्याशीं आपला संबंध नाहीं अशी आपली समजूत असते. मोठ्या लोकांच्या इफ्तार-मेजवान्यांचीं छायाचित्रें पाहून आपण एक वर्ष त्यांस सौजन्य म्हणतों आणि दुसऱ्या वर्षीं ढोंग म्हणतों. पण माड वाहणारा तरुण आपला स्वर कोठून घेतो? पहाटेची बांग कानीं पडली असतां वडील काय पुटपुटतात, पालखीचा ढोल ऐकून शेजारच्या घरांत काय बोललें जातें, दूरध्वनीवर आलेली विषारी चित्रफीत कोण हंसत पुढें पाठवितो, यावर तो स्वर तयार होतो. मुलें आपलीं भाषणें ऐकत नाहींत; आपलीं पुटपुटणीं अचूक ऐकतात. ज्या घरांत रमजान कधीं सुरू झाला, रोजा म्हणजे काय, सहरीस कितीला उठावें लागतें, हें दहा वर्षांच्या मुलास ठाऊक असतें, आणि शेजारच्या मुसलमान घरांतल्या मुलास पालखी आपल्या आळींत कोणत्या दिवशीं येते व तिला कोणाचा कोणता मान, हें ठाऊक असतें, त्या गांवांत माड पायरीपाशीं टेकविला तरी दरवाजा बंद करण्याची पाळी येणार नाहीं.

फाल्गुन आणि रमजान यांची जोडी आतां फुटत आहे. पुन्हां ती जुळण्यास तीस वर्षें लागतील. मध्यंतरीं रमजान माघांतून पौषांत, पुढें दिवाळींत आणि गणेशोत्सवांतही येईल, आणि पंचांग निरनिराळ्या गांवांस हाच प्रश्न नव्या वेषांत घालील. तेव्हां हा प्रश्न एकदां सोडवून मोकळें होण्यासारखा नाहीं. दर पिढीनें तो आपल्या दारांत सोडवावा लागतो, आणि त्याची तयारी सणाच्या आदल्या रात्रीं भरणाऱ्या शांतता-समितीच्या बैठकींत न होतां उरलेल्या साडेअकरा महिन्यांच्या शेजारांत व्हावी लागते.